वेबसाइटवर दुकान थाटताना: आधी ऑर्डर, मग सजावट

ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं की बहुतेकांची सुरुवात थीम, म्हणजे वेबसाइटच्या रूपाचा तयार साचा, निवडण्यापासून होते. रंग, लोगो, मुख्य पानावरचं मोठं चित्र यात दिवसच्या दिवस जातात. पैसे कुठे जमा होणार, पार्सल कोण बांधणार, परत आलेली वस्तू स्टॉकमध्ये कोण चढवणार, हे मात्र पहिली ऑर्डर येईपर्यंत कुणी विचारत नाही. मी लोकांना अशी दुकानं उभारून देतो. बंद पडलेली दुकानं पाहिली, तर त्यातली दिसायला वाईट अशी फारच थोडी होती. बाकीच्यांचं घोडं अडलं ते ऑर्डर आल्यानंतरच्या कामात. म्हणून या लेखात क्रम उलटा आहे. ऑर्डरचा प्रवास आधी, त्याला लागणारी यंत्रणा मग, आणि सजावट मोजकीच.

एक ऑर्डर कागदावर चालवून बघा

संगणक बाजूला ठेवा आणि कागदावर एकाच वस्तूची एकच ऑर्डर लिहून काढा. ग्राहकाने पैसे भरले. ते कळणार कुणाला, फोनवर की ईमेलवर? वस्तू कुठल्या कपाटात आहे? खोका कोणत्या मापाचा? कुरिअरवाला येऊन नेणार की आपण नेऊन द्यायचं? ट्रॅकिंग नंबर ग्राहकाला कोण कळवणार? आणि आठवड्याने तो म्हणाला की वस्तू फुटलेली निघाली, तर पुढे काय? ज्या प्रश्नाला उत्तर नाही तिथे लाल खूण करा. त्या खुणा म्हणजे तुमची कामांची खरी यादी.

खोक्याचं माप हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नफा तिथेच झिरपून जातो. बऱ्याच कुरिअर कंपन्या पार्सलचं खरं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढण्याची नेहमीची रीत अशी: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचं. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, तो विचारून घ्या. आता ४० × ३० × २० सेंटीमीटरच्या खोक्यात एक उशी ठेवली. काट्यावर ती किलोभरही भरत नाही, पण हिशेबाने वजन झालं ४.८ किलो. तीच उशी दाबून पातळ पिशवीत बसवली तर खर्च कितीतरी खाली येतो. म्हणून प्रत्येक वस्तू एकदा खरोखर बांधा, मापं घ्या, वजन करा आणि ते आकडे नोंदवून ठेवा. पुढे डिलिव्हरीचे दर भरताना हेच लागणार आहेत.

परतीचे नियमही आत्ताच ठरवा: किती दिवसांत परत घेणार, परतीचा खर्च कुणाचा, पैसे परत देणार की फक्त बदलून देणार. यात सगळंच तुमच्या मर्जीवर नसतं. उदाहरणार्थ, युरोपीय संघातल्या ग्राहकाला ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू कारण न सांगता १४ दिवसांत परत करण्याचा कायदेशीर हक्क आहे. जिथे माल पाठवणार, तिथला नियम वाचून मगच धोरण लिहा.

कोणत्या वाटेने जायचं

विकायच्या वस्तू चार-पाचच असतील, तर पूर्ण दुकान उभारायची घाई करू नका. पेमेंट गेटवे कंपन्या, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या कंपन्या, पेमेंट लिंक किंवा ‘खरेदी करा’ बटण बनवून देतात. वेबसाइट आहे तशीच राहते, तिच्या पानावर वस्तूचा फोटो आणि खाली बटण. कार्ट (निवडलेल्या वस्तूंची टोपली) नाही, ग्राहकाचं खातं नाही, स्टॉकचा हिशेब हाताने ठेवायचा. अनेकांना पहिले काही महिने एवढं पुरतं. मागणी किती आहे हे कळायलाही याहून सोपा उपाय नाही.

वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल आणि वस्तू वाढणार असतील, तर वूकॉमर्स ही सरळ वाट. हा मुक्तस्रोत प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला दुकानाची सोय देणारी जोडणी, २०११ साली आला आणि २०१५ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीने तो विकत घेतला. मूळ प्लगइन फुकट आहे, पण दुकान फुकटात चालत नाही. होस्टिंग (वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा) आणि सशुल्क जोडण्या यांवर खर्च होतोच, आणि देखभालीला कुणाचा तरी वेळ जातो. बदल्यात सगळा डेटा तुमच्या हातात राहतो आणि हवा तो बदल करता येतो. प्रेस्टाशॉप आणि ओपनकार्ट हेही याच जातीचे. मॅजेंटो मात्र एकट्या माणसाने हात लावायचं काम नाही, त्याला पूर्णवेळ जाणकार लागतो.

तिसरी वाट शॉपिफायसारख्या भाड्याच्या दुकानाची. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट हे सगळं त्यांच्याकडे. तुम्ही दरमहा पैसे भरायचे आणि माल मांडायचा. आधीची वेबसाइट ठेवायची असेल, तर दुकान उपडोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या नावाआधी (डोमेनआधी) एक शब्द जोडून केलेल्या पत्त्यावर, टाकता येतं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठे न्यायचं हे सांगणाऱ्या नोंदवहीत, सीनेम नावाची एक नोंद केली की काम झालं. शॉपिफायचा जन्मही दुकानाच्या गरजेतूनच झाला. स्नोबोर्ड विकायला निघालेल्यांना हाताशी असलेली साधनं पसंत पडेनात, म्हणून त्यांनी स्वतःच्या दुकानासाठी घडवलेलं सॉफ्टवेअर २००६ पासून इतरांना द्यायला सुरुवात केली.

निवड कशी करायची? मी एकच प्रश्न विचारतो: रविवारी रात्री दुकान बंद पडलं, तर सुरू कोण करणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव येत असेल, तर वूकॉमर्स घ्या. येत नसेल, तर भाड्याचं बरं. पुढचं बरंचसं विवेचन वूकॉमर्सला धरून आहे, कारण स्वतःच्या वेबसाइटवर सगळी जबाबदारी आपलीच असते आणि सांगण्यासारखं तिथेच जास्त आहे. वाट कोणतीही घ्या, डोमेन तुमच्या स्वतःच्या नावावर असू द्या. वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर नोंदवलेलं डोमेन सोडवून घेताना माणसं मेटाकुटीला येतात.

होस्टिंग, थोडक्यात

माहिती देणारी साधी वेबसाइट स्वस्त सामायिक होस्टिंगवर छान पळते, कारण तिची पानं एकदा तयार करून कॅशमधून, म्हणजे साठवून ठेवलेल्या प्रतीतून, देता येतात. दुकानात हे चालत नाही. कार्ट, चेकआउट (पत्ता देऊन पैसे भरण्याचं पान) आणि ‘माझं खातं’ ही पानं प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी असतात, त्यामुळे ती दर वेळी डेटाबेसमधून नव्याने बनतात. म्हणजे गर्दीच्या दिवशी सर्व्हर जिथे दमतो, ती नेमकी पैसे भरण्याची जागा असते. कॅशिंग प्लगइन वापरत असाल, तर ही तीन पानं त्यातून वगळली आहेत याची खातरजमा करा. नाहीतर एकाच्या कार्टमधल्या वस्तू दुसऱ्याला दिसण्याचे प्रकार घडतात. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची मेमरी मर्यादा २५६ एमबी असावी. ग्राहक आणि वेबसाइट यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं. ते मोजक्या दिवसांपुरतंच असतं, म्हणून त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय ना, हे होस्टिंगवाल्याला विचारा. अॅडमिन खात्याला द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत आणखी एक कोड, पहिल्याच दिवशी लावा.

माल मांडणं

प्रत्येक वस्तूला एसकेयू म्हणजे आपला स्वतःचा ओळख क्रमांक द्या. तो कसाही असो, पण त्याची सुरुवात शून्याने नको. कधी ना कधी मालाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढून स्प्रेडशीटमध्ये उघडली जाते. तिथे ००४५ चं गुपचूप ४५ होतं, आणि फाइल परत चढवली की दुकानाला वाटतं या नव्याच वस्तू आहेत. सुरुवातीला दोन-तीन अक्षरं टाकली की हा ताप टळतो. त्याच फाइलमध्ये वस्तूंची नावं देवनागरीत असतील, तर ती दोनदा टिचकी मारून उघडू नका. स्प्रेडशीटमधल्या आयात सुविधेतून, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडून उघडा. नाहीतर नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात, आणि तशीच जतन केली तर मूळ नावं गेली म्हणून समजा.

देवनागरीचा आणखी एक मुद्दा पानाच्या पत्त्याचा. वस्तूचं नाव मराठीत खुशाल ठेवा, पण पत्त्यातला तुकडा रोमन अक्षरांत आणि छोटा लिहा. देवनागरी पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला की त्याची टक्केचिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते. प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला नऊ-नऊ चिन्हं लागतात. वर्डप्रेसमध्ये या तुकड्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे, त्यामुळे लांब मराठी नावाचा पत्ता मध्येच तुटतो.

रंग-आकाराचे पर्याय असतील, तर ‘व्हेरिएबल’ प्रकारची वस्तू बनवा. पण आधी गुणाकार करून पाहा. टी-शर्ट तीन रंगांत आणि पाच मापांत असेल तर १५ पर्याय, त्यात बाह्या दोन प्रकारच्या आल्या की ३०. प्रत्येक पर्यायाचा स्टॉक वेगळा, एसकेयू वेगळा, बहुधा फोटोही वेगळा. सुरुवातीला पर्याय कमी ठेवलेले बरे. कोणता रंग खपतो हे कळलं की वाढवता येतात.

फोटोंच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. एक सुंदर फोटो असण्यापेक्षा सगळे फोटो एकसारखे असणं महत्त्वाचं. एकच पार्श्वभूमी, एकच प्रकाश, एकच चौकट. किमान एका फोटोत वस्तू हातात धरलेली असावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. ‘फोटोत मोठी वाटली होती’ ही तक्रार परतीच्या कारणांत हमखास असते. कॅमेऱ्यातली फाइल जशीच्या तशी चढवू नका. आकार कमी करून वेबपी या हलक्या स्वरूपात द्या. गूगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, आणि वस्तूच्या पानावर तो घटक म्हणजे बहुतेक वेळा मुख्य फोटोच असतो. त्यामुळे इतर फोटो खाली सरकल्यावर दिसू लागले तरी चालतील, मुख्य फोटोला मात्र ती उशिरा उघडण्याची सोय लावू नका.

वर्णन लिहिताना दुकानात उभा असलेला ग्राहक काय विचारेल ते आठवा. मापं, वजन, कशाचं बनवलंय, धुता येतं का, खोक्यात काय काय येतं. ‘उत्कृष्ट दर्जा’ वाचून कुणी वस्तू घेत नाही.

पैसे: इथे घाई नको

पेमेंट गेटवेशी करार करण्याआधी दराचे दोन भाग तपासा. बहुतेकांचा आकार टक्केवारी अधिक ठरावीक रक्कम असा असतो. समजा दर ३ टक्के अधिक ३ एकक आहे. १००० ची विक्री झाली तर ३३ गेले, म्हणजे ३.३ टक्के. ५० ची झाली तर ४.५ गेले, म्हणजे ९ टक्के. स्वस्त वस्तू विकणाऱ्याला ती ठरावीक रक्कमच खाते. अशा वेळी दोन-तीन वस्तूंचा संच करून विकणं किंवा ठरावीक भाग नसलेला गेटवे शोधणं शहाणपणाचं. पैसे खात्यात किती दिवसांनी येतात आणि रिफंड दिल्यावर त्यांचं शुल्क परत मिळतं की नाही, हेही लेखी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते मिळत नाही.

कार्डाचा नंबर तुमच्या सर्व्हरला शिवताच कामा नये. एक तर ग्राहकाला गेटवेच्या पानावर पाठवा, नाहीतर तुमच्या चेकआउटमध्ये गेटवेच्याच चौकटी बसवा, म्हणजे आकडे थेट त्यांच्याकडे जातात. कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस या सुरक्षा नियमांतून कुणाचीच सुटका नाही, पण अशी रचना असेल तर तुमच्या वाट्याला येणारी प्रश्नावली बरीच आटोपशीर होते. कार्डामागचा सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायला पूर्ण मनाईच आहे. फोनवर ऑर्डर घेताना तो वहीत टिपून ठेवणारी मंडळीही यात आली.

आता ज्या गोष्टीमुळे सर्वाधिक घोटाळे होतात, ती बघू. ग्राहक पैसे भरतो आणि गेटवे त्याला तुमच्या ‘धन्यवाद’ पानावर परत पाठवतो. सगळ्यांना वाटतं की तो परत आला, म्हणजेच दुकानाला पैसे मिळाल्याचं कळलं. पण ग्राहकाने बँकेच्या पानावर ‘यशस्वी’ वाचून तिथेच टॅब बंद केला तर? किंवा त्याच क्षणी नेट गेलं तर? पैसे कापले गेले, दुकानात ऑर्डर मात्र ‘पेमेंट बाकी’ अशीच पडून राहिली. वूकॉमर्समध्ये स्टॉक राखून ठेवण्याची मुदत मुळात ६० मिनिटांची असते. ती संपली की न भरलेली ऑर्डर आपोआप रद्द होते आणि वस्तू पुन्हा विक्रीला लागते. म्हणजे ज्याने पैसे भरले त्याची ऑर्डर रद्द, आणि वस्तू दुसऱ्याच्या कार्टमध्ये.

यावर उपाय वेबहूक. ग्राहक परत येवो न येवो, गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट निरोप देतो की अमुक ऑर्डरचे पैसे आले. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये तुमच्या दुकानाचा वेबहूक पत्ता भरायचा आणि तिथून मिळालेली गुप्त किल्ली प्लगइनमध्ये टाकायची. त्या किल्लीमुळे निरोप खरोखर गेटवेकडूनच आलाय हे ओळखता येतं. चाचणीच्या आणि खऱ्या व्यवहारांच्या किल्ल्या वेगळ्या असतात. दुकान उघडताना पेमेंटच्या किल्ल्या बदलल्या आणि वेबहूकची जुनीच राहिली, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. सुरक्षा प्लगइन किंवा फायरवॉल हा निरोप अडवत नाही ना, तेही बघा. तपासायची रीत सोपी: चाचणी पेमेंट करा, ‘यशस्वी’ दिसताच टॅब बंद करा आणि दोन मिनिटांनी ऑर्डरची स्थिती पाहा. ‘प्रक्रिया सुरू’ झाली असेल तर वेबहूक चालतोय. नसेल, तर गेटवेच्या डॅशबोर्डमधल्या वेबहूक नोंदी उघडा. निरोप पाठवला का आणि तुमच्या सर्व्हरने काय उत्तर दिलं, ते तिथे लिहिलेलं असतं. तोच निरोप दोनदाही येऊ शकतो. चांगले प्लगइन ते ओळखतात, पण कुणाकडून खास जोडणी लिहून घेत असाल तर हे त्याला आवर्जून सांगा.

बँक स्टेटमेंटवर ग्राहकाला तुमचं कोणतं नाव दिसतं? दुकानाचं नाव एक आणि नोंदणीकृत फर्मचं दुसरं असेल, तर ग्राहकाला तो व्यवहार ओळखू येत नाही आणि तो बँकेकडे तक्रार करतो. यालाच चार्जबॅक म्हणतात. रक्कम तुमच्याकडून काढून घेतली जाते, वर बऱ्याचदा दंडवजा शुल्क लागतं, आणि माल पोहोचवल्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. बऱ्याच गेटवेंमध्ये हे नाव सेटिंगमध्ये बदलता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक सावधगिरी. अचानक लहान रकमेच्या, फसलेल्या पेमेंटची रांग दिसली, तर खूष होऊ नका. चोरलेली कार्डं चालतात का, हे तपासायला चोर छोटी दुकानं वापरतात. चेकआउटवर कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखणारी छोटी परीक्षा) लावा, एका इंटरनेट (आयपी) पत्त्यावरून होणाऱ्या प्रयत्नांवर मर्यादा घाला आणि गेटवेला कळवा.

डिलिव्हरी, कर आणि चेकआउट

भरलेल्या कार्ट मध्येच सोडून जाण्याचं प्रमाण मोठं आहे. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था यावरचे अभ्यास गोळा करते. त्यांची सरासरी सुमारे ७० टक्के निघते, आणि नुसतं बघायला आलेले वगळले तर सांगितलं जाणारं पहिलं कारण असतं शेवटी वाढलेला खर्च. म्हणून डिलिव्हरीचा दर वस्तूच्या पानावरच सांगा. दर वजनावर ठेवा किंवा सरसकट, पण चेकआउटला धक्का नको.

वूकॉमर्समध्ये डिलिव्हरीचे विभाग वरून खाली तपासले जातात आणि पहिला जो जुळतो तोच लागू होतो. त्यामुळे छोटा, नेमका विभाग वर आणि मोठा खाली. ‘संपूर्ण देश’ वर ठेवलात, तर खालच्या ‘आपलं शहर’ या विभागापर्यंत तपासणी पोहोचतच नाही आणि मग तो स्थानिक दर कुणाला दिसतच नाही म्हणून माणसं डोकं खाजवत बसतात.

कराबाबत एकच निर्णय, पण तो माल भरण्याआधी: किमती करासह लिहायच्या की कराशिवाय? वूकॉमर्समधलं हे सेटिंग नंतर बदललं तरी आधी भरलेल्या किमती बदलत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ बदलतो. १०० ही करासह किंमत होती ती एका क्षणात करापूर्वीची होते. दर कोणता लावायचा हे तुमच्या हिशेबनिसाला विचारा, प्लगइनला नाही.

चेकआउटमध्ये खातं उघडण्याची सक्ती नको. पाहुणा म्हणून खरेदी करू द्या. रकाने मोजके ठेवा: नाव, पत्ता, ईमेल, आणि कुरिअरला लागतो म्हणून फोन. कंपनीचं नाव, पत्त्याची दुसरी ओळ हे ऐच्छिक किंवा गायब. कूपनचा रकाना ठळक दाखवू नका. तो दिसला की ग्राहक कूपन शोधायला बाहेर जातो आणि परत येईलच असं नाही.

ईमेल पोहोचतात का

ऑर्डर मिळाल्याचं ईमेल स्पॅममध्ये गेलं, तर ग्राहकाला वाटतं फसवणूक झाली. वेबसाइटच्या सर्व्हरवरून थेट पाठवलेले ईमेल हमखास तिथेच जाऊन पडतात. म्हणून एखाद्या एसएमटीपी सेवेमार्फत, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या खास सेवेमार्फत, पाठवा आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, ईमेल खरोखर तुमचंच आहे हे पटवणाऱ्या, तीन नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत, त्यामुळे आता हे टाळून चालत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्या डोमेनचाच असावा, आणि ग्राहकाने त्याला उत्तर दिलं तर ते कुणीतरी वाचावं.

परतावा धोरण, गोपनीयता धोरण, अटी आणि संपर्क ही पानं ग्राहकांइतकीच गेटवेसाठीही लागतात. मंजुरी देण्याआधी ते ही पानं उघडून बघतात. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचललेल्या धोरणात त्यांचंच नाव राहून गेल्याचे नमुने कमी नाहीत.

उघडण्याआधीची चाचणी

गेटवेच्या चाचणी विभागात खोटी कार्डं मिळतात. स्ट्राइप या गेटवेचं ‘४२४२’ ही चौकडी चार वेळा लिहिलेलं कार्ड तर प्रसिद्धच आहे. फक्त यशस्वी व्यवहार करून थांबू नका. नाकारलं जाणारं कार्डही वापरून बघा. ग्राहकाला काय संदेश दिसतो? तो पुन्हा प्रयत्न करू शकतो, की कार्ट रिकामी होते? मग एका वस्तूचा स्टॉक एकवर आणा, दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये ती कार्टमध्ये टाका आणि दोन्हीकडून पैसे भरायचा प्रयत्न करा. दुसऱ्याला नम्र नकार मिळायला हवा.

हे सगळं झालं की खऱ्या किल्ल्या लावा, स्वतःच्या कार्डाने एक खरी ऑर्डर करा, पार्सल स्वतःलाच पाठवा आणि शेवटी रिफंडही द्या. हे फोनवरून, घरचं वायफाय बंद करून करा. चेकआउटचं बटण कीबोर्डखाली लपतं का, पिनकोडच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड येतो का, हे संगणकावर कळत नाही. रिफंड देताना एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. वूकॉमर्समध्ये ‘हाताने रिफंड’ या बटणाने फक्त नोंद होते, पैसे जात नाहीत. गेटवेच्या नावाचं रिफंड बटण दाबलं तरच रक्कम परत जाते.

उघडल्यानंतर

बदल थेट चालू दुकानावर करू नका. स्टेजिंग म्हणजे दुकानाची तंतोतंत प्रत बनवा आणि अपडेट आधी तिथे करून बघा. पण प्रत काढल्याबरोबर तिथलं ईमेल पाठवणं बंद करा आणि गेटवे चाचणी स्थितीत टाका. नाहीतर त्या प्रतीतून खऱ्या ग्राहकांना जुन्या ऑर्डरचे ईमेल जातात, आणि वर्गणीच्या वस्तू असतील तर पैसेही दोनदा कापले जाऊ शकतात.

बॅकअपचा नियम दुकानासाठी वेगळा आहे. ब्लॉगचा कालचा बॅकअप परत चढवला तर फार तर एखादा लेख जातो. दुकानाचा चढवला, तर कालपासूनच्या ऑर्डर पुसल्या जातात, त्यांचे पैसे मात्र आलेले असतात. म्हणून डेटाबेसचा बॅकअप दिवसातून अनेकदा घ्या, तो दुसऱ्या सर्व्हरवर ठेवा, आणि परत चढवण्याची वेळ आलीच तर आधी चालू ऑर्डरची यादी बाहेर काढून घ्या. अपडेट मागे घ्यायचं असेल तेव्हा शक्यतो फाइलीच मागे न्या, डेटाबेस नको.

वर्डप्रेसची वेळेवर करायची कामं मुळात कुणी पान उघडलं तरच चालतात. रात्री कुणी आलं नाही, तर मुदत संपलेल्या ऑर्डर रद्द होणं, सवलतीच्या किमती सुरू होणं, सगळं खोळंबतं. होस्टिंगच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, ही कामं दर पाच मिनिटांनी चालवायला लावली की हा प्रश्न मिटतो.

आणि आठवड्यातून एकदा ताळमेळ. एका तक्त्यात तीन रकाने करा: दुकानातली ऑर्डर आणि रक्कम, गेटवेने नोंदवलेली रक्कम, बँकेत जमा झालेली रक्कम. पहिल्या दोन रकान्यांत फरक आला तर वेबहूक किंवा रिफंड तपासा, दुसऱ्या-तिसऱ्यात आला तर शुल्क किंवा चार्जबॅक. गेटवे अनेक ऑर्डरचे पैसे एकत्र, शुल्क कापून जमा करतो, त्यामुळे बँकेतल्या एका आकड्यामागे कोणत्या ऑर्डर आहेत हे त्यांच्या सेटलमेंट अहवालातूनच कळतं. तो अहवाल दर वेळी उतरवून त्या-त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. वर्षअखेरीला हिशेबनीस पहिल्यांदा तोच मागणार आहे.